विंडोज किंवा लिनक्स टाकताना मशीन अडतं तेव्हा: इंदूरच्या मंडळींचे नेहमीचे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे नियमित अपडेट बंद झाले. तेव्हापासून राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा आपल्या वस्त्यांतून एकच तक्रार येते आहे: "नवीन विंडोज टाकायला बसलो आणि मशीन अडलं." कोणाला लिनक्स हवं असतं, कोणाला विंडोज ११, कोणाला दोन्ही. बहुतेक वेळा पेनड्राइव्ह ठीक असतो, डिस्कही ठीक असते. अडचण मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये असते आणि तिकडे कोणी बघतच नाही. म्हणून हे प्रश्न एकत्र केले आहेत.

फर्मवेअर, बायोस, यूईएफआय: यात फरक काय?

मदरबोर्डवर एक छोटी चिप असते. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी तिच्यातला प्रोग्रॅम चालतो. तो रॅम आणि डिस्क जागी करतो आणि मग विंडोज किंवा लिनक्सच्या हाती कारभार देतो. हा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. १९८१च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेली त्याची जुनी पद्धत बायोस. नवी पद्धत इंटेलने आयटेनियम प्रोसेसरसाठी सुरू केली आणि २००५पासून ती यूईएफआय फोरमकडे आहे. आजच्या लॅपटॉपमध्ये यूईएफआयच असतं, बोलताना मात्र आपण सगळे "बायोस"च म्हणतो. इथेही तसंच म्हटलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. फर्मवेअरचा पाया एएमआय, इनसाइड, फिनिक्स अशा मोजक्या कंपन्या लिहितात. लॅपटॉप बनवणारा त्यात स्वतःचे बदल करतो आणि मशीनसोबत येणारं विंडोज चाललं की माल बाजारात पाठवतो. नियमावलीत लिहिलेलं बाकीचं सगळं नीट चालतं का, हे तपासायची गरज त्याला नेहमी वाटतेच असं नाही. विचित्र वागणुकीचं मूळ इथे आहे.

पेनड्राइव्ह बूटेबल केला, पण मशीन त्याच्याकडे बघतच नाही. का?

आधी बूट मेनूची की बरोबर दाबताय का ते पाहा. डेल आणि लेनोव्होमध्ये एफ१२, एचपीमध्ये एफ९ (किंवा आधी एस्केप), असूसच्या लॅपटॉपमध्ये एस्केप, एमएसआयच्या बोर्डावर एफ११. एसरमध्येही एफ१२च आहे, पण ती बऱ्याच मॉडेलांत मुळात बंद असते. एफ२ दाबून सेटिंगमध्ये जा, "एफ१२ बूट मेनू" चालू करा, सेव्ह करा, मगच ती काम करते.

दुसरं कारण फास्ट बूट. हे सेटिंग चालू असलं की फर्मवेअर वेळ वाचवण्यासाठी यूएसबी पोर्ट तपासतच नाही. विंडोजमध्ये याच्याच जवळच्या नावाचं "फास्ट स्टार्टअप" आहे, ते वेगळं. त्यात शटडाउन केलेलं मशीन पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. इन्स्टॉलेशनपुरतं दोन्ही बंद ठेवा. शिफ्ट दाबून रिस्टार्ट केलंत की येणाऱ्या निळ्या पडद्यावर "यूज अ डिव्हाइस" असतं. तिथूनही पेनड्राइव्ह निवडता येतो, कीची घाई लागत नाही.

तिसरं कारण फाइल सिस्टिम, म्हणजे पेनड्राइव्हवर फाइल मांडायची पद्धत. यूईएफआयला फॅट३२ वाचता येणं बंधनकारक आहे, एनटीएफएस नाही. विंडोजची मुख्य फाइल ४ जीबीहून मोठी असू शकते आणि फॅट३२मध्ये तेवढी मावत नाही. त्यामुळे रुफस हा पेनड्राइव्ह बूटेबल करणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्ह एनटीएफएस करतो आणि सोबत एक छोटं फॅट पार्टिशन ठेवतो, जे फर्मवेअरला एनटीएफएस वाचायला शिकवतं. काही जुन्या फर्मवेअरला ही व्यवस्था पचत नाही. अशा वेळी मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने पेनड्राइव्ह पुन्हा बनवा, कारण ते फॅट३२च वापरतं.

बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो. कुठला निवडू?

ज्याच्या पुढे "यूईएफआय" लिहिलंय तो. दुसरा म्हणजे जुन्या बायोस पद्धतीने, लेगसी मोडमध्ये, सुरू होणं.

हा प्रश्न लहान वाटतो, पण पुढचा निम्मा त्रास इथूनच येतो. पेनड्राइव्ह ज्या मोडमध्ये सुरू होतो, त्याच मोडसाठी इन्स्टॉलर सिस्टिम टाकतो. आधीचं विंडोज यूईएफआयमध्ये आणि तुम्ही लिनक्स टाकलंत लेगसीमध्ये, तर दोघं एकाच डिस्कवर राहूनही एकमेकांना सुरू करू शकत नाहीत. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हमध्ये "सिस" फोल्डरच्या आत "फर्मवेअर" आणि त्यात "ईएफआय" नावाचा फोल्डर दिसला, तर तुम्ही यूईएफआयमध्ये आहात. विंडोजमध्ये "सिस्टिम इन्फॉर्मेशन" उघडा आणि "बायोस मोड" वाचा. इन्स्टॉलचं बटण दाबायच्या आधी हे पाहून घ्या.

"या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही, डिस्क एमबीआर आहे" असा मेसेज येतो. डिस्क खराब आहे का?

नाही. एमबीआर आणि जीपीटी या डिस्कचे भाग नोंदवायच्या दोन पद्धती आहेत. एमबीआर जुनी: ५१२ बाइटच्या सेक्टरवर २ टीबीपुढे तिला मोजता येत नाही आणि मुख्य पार्टिशन फक्त चार. विंडोजचा नियम कडक आहे: यूईएफआयमध्ये सुरू केलं तर जीपीटीच हवी, लेगसीमध्ये सुरू केलं तर एमबीआरच हवी. मेसेज उलटा आला, म्हणजे "डिस्क जीपीटी आहे" असा, तर तुम्ही पेनड्राइव्ह चुकून लेगसीमध्ये सुरू केलाय. बाहेर पडा आणि दुसरी नोंद निवडा.

पुष्कळ जण इथे घाबरून सगळी पार्टिशनं डिलीट करतात आणि घरातले वीस वर्षांचे फोटो जातात. कृपया तसं करू नका. जुनं विंडोज १० अजून सुरू होत असेल, तर त्यात २०१७च्या १७०३ आवृत्तीपासून "एमबीआर टू जीपीटी" नावाचं साधन आहे. ते डेटा न पुसता डिस्क बदलतं, मात्र मुख्य पार्टिशनं तीनपेक्षा जास्त नसावीत. त्यानंतर बायोसमध्ये जाऊन लेगसी बंद करायचं. बॅकअप तरीही आधी घ्याच.

इन्स्टॉलर सुरू झाला, पण डिस्कच दाखवत नाही. दुकानदार म्हणाला एसएसडी गेली.

एसएसडी गेली हे मान्य करायच्या आधी बायोसमध्ये जाऊन पाहा. तिथे एसएसडीचं नाव दिसत असेल तर ती जिवंत आहे. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या लॅपटॉपांत हा प्रश्न इतका येतो की मी पहिला संशय व्हीएमडीवरच घेतो.

व्हीएमडी हा प्रोसेसरमधला एक कंट्रोलर आहे. तो चालू असला की एनव्हीएमई डिस्क (नव्या पद्धतीची वेगवान एसएसडी) थेट न दिसता त्याच्या आडून दिसते. इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर असेल तरच विंडोजच्या इन्स्टॉलरला ती सापडते आणि मायक्रोसॉफ्टच्या पेनड्राइव्हमध्ये तो ड्रायव्हर बहुधा नसतो. कंपनीने टाकून दिलेल्या विंडोजमध्ये असतो. त्यामुळे कालपर्यंत चाललेलं मशीन फॉरमॅट करायला घेतलं की "डिस्क नाही" म्हणतं.

मार्ग दोन. पहिला: लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या, तो मोकळा करून फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा आणि इन्स्टॉलरमध्ये "लोड ड्रायव्हर" दाबून तो दाखवा. फक्त विंडोज टाकायचं असेल तर मी हाच सुचवतो. दुसरा: बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा. काही ठिकाणी याला "रेड"वरून "एएचसीआय" करणं म्हणतात. लिनक्ससाठी बऱ्याचदा हेच करावं लागतं. उबुंटू या लिनक्सचा इन्स्टॉलर तर "या मशीनवर आरएसटी (म्हणजे रॅपिड स्टोरेज) चालू आहे" असं सरळ सांगून थांबायचा.

एसरच्या बऱ्याच लॅपटॉपांत हे सेटिंग लपवलेलं असतं. "मेन" टॅबवर जाऊन कंट्रोल आणि एस एकत्र दाबा, मग व्हीएमडीची ओळ उगवते. हे माहीत नसल्यामुळे आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जाऊन नवी एसएसडी घेऊन आलेले लोक मला भेटले आहेत. त्यांना नवी एसएसडीही दिसली नाही.

व्हीएमडी बंद केलं, लिनक्स टाकलं, आता विंडोज निळा पडदा दाखवून रिस्टार्ट होतं.

सेटिंग परत पूर्वीसारखं करा, विंडोज सुरू होईल. मग विंडोजमध्ये "एमएसकॉन्फिग" उघडून "बूट" टॅबमध्ये सेफ बूट चालू करा, रिस्टार्ट करा, लगेच बायोसमध्ये शिरून व्हीएमडी बंद करा. विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होताना नवा ड्रायव्हर उचलतं. नंतर सेफ बूट काढून टाका. हा क्रम आधी केला असता तर निळा पडदा आलाच नसता, म्हणून डिस्कच्या सेटिंगला हात लावण्यापूर्वी हे वाचा. आणि पुढचा प्रश्नही.

बायोसमध्ये एक सेटिंग बदललं आणि विंडोज ४८ आकडी की मागतंय!

ही बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कला लागणाऱ्या कुलपाची, रिकव्हरी की. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने नवं इन्स्टॉल केलं की बहुतेक मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. कुलपाची किल्ली टीपीएम या सुरक्षेच्या चिपमध्ये असते. बूटचं वातावरण बदललेलं दिसलं की चिप ती देत नाही. सिक्युअर बूट (ओळखीची सही असलेलीच सिस्टिम सुरू होऊ देणारं सेटिंग) बंद करणं, कधी बायोस अपडेट करणं, एवढंही पुरतं.

दुसऱ्या फोनवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरा. उपकरणांच्या यादीत ही की सहसा मिळते. लॅपटॉप मुलाच्या कॉलेजच्या खात्यावर किंवा आधीच्या नोकरीच्या खात्यावर सुरू केला असेल तर की तिकडे असते. ती कुठेच सापडली नाही तर डेटा परत मिळत नाही, कोणी कितीही पैसे मागून "काढून देतो" म्हणालं तरी. म्हणून बायोसला हात लावण्यापूर्वी की कागदावर लिहून घ्या. वहिनींच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका, आजोबांच्या पेन्शनची कागदपत्रं, मुलीचा प्रबंध, सगळं त्या ४८ आकड्यांच्या मागे असतं.

लिनक्स व्यवस्थित झालं, "इन्स्टॉलेशन पूर्ण" असंही आलं, तरी मशीन सरळ विंडोजमध्येच जातं. काय चुकलं?

तुमचं बहुधा काहीच चुकलं नाही. यूईएफआयमध्ये बूट करायच्या सिस्टिमांची यादी फर्मवेअरच्या स्मृतीत, एनव्हीरॅममध्ये असते. लिनक्स तिथे आपली नोंद करतं. नियमाप्रमाणे फर्मवेअरने तो क्रम पाळायला हवा. काही फर्मवेअर नोंद स्वीकारतात आणि पुढच्या वेळी पुसतात. काही ती ठेवतात, पण "विंडोज बूट मॅनेजर" हे नाव दिसलं की त्यालाच आधी घेतात. २०१२मध्ये लेनोव्होच्या थिंकसेंटर एम९२पी या डेस्कटॉपबद्दल उघड झालं की त्याचं फर्मवेअर नोंदीचं नाव अक्षरशः वाचतं: "विंडोज बूट मॅनेजर" किंवा "रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स" असेल तरच सुरू करतं. नियमावलीप्रमाणे ते नाव केवळ माणसाने वाचायला असतं.

उपाय सोप्याकडून अवघडाकडे असा करा. बायोसमध्ये बूट ऑर्डर उघडा. कधी "यूईएफआय हार्ड डिस्क प्रायॉरिटी" असा आणखी एक आतला मेनू असतो, तिथे उबुंटू खाली ढकललेलं सापडतं. एसरमध्ये आधी सुपरवायझर पासवर्ड ठेवावा लागतो, मग सिक्युरिटीमध्ये "यूईएफआय फाइल विश्वासार्ह ठरवा" अशा अर्थाची ओळ जागी होते. तिथून लिनक्सची शिम फाइल (लिनक्स सुरू करताना सगळ्यात आधी चालणारी छोटी फाइल) दाखवा. तो पासवर्ड मात्र लिहून ठेवा.

तरीही जमलं नाही तर ठरलेल्या पत्त्याचा आधार घ्यायचा. एनव्हीरॅममध्ये काहीच सापडलं नाही की फर्मवेअर ईएफआय पार्टिशनमधल्या "बूट" फोल्डरात "बूटएक्स६४" नावाची फाइल शोधतं. लिनक्सचा बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) त्या जागी ठेवला की विसराळू मशीनही सुरू होतं. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये तर यासाठी वेगळा पर्याय दिलेला आहे. पण तिथे आधीपासून असलेली फाइल नाव बदलून जपून ठेवा.

सिक्युअर बूट सरळ बंदच करून टाकू का? सगळे तेच सांगतात.

मला ते पटत नाही. उबुंटू, फेडोरा, डेबियन, ओपनसूसे हे सगळे सिक्युअर बूट चालू ठेवून बसतात, कारण त्यांच्या शिम फाइलवर मायक्रोसॉफ्टची सही असते. आधी चालू ठेवूनच प्रयत्न करा. अडलं तर कारण शोधा.

२०२२मध्ये आलेल्या लेनोव्होच्या काही थिंकपॅडवर मायक्रोसॉफ्टचं "थर्ड पार्टी" सर्टिफिकेट मुळातच बंद होतं. ते चालू केलं की लिनक्स सुरू होतं, सिक्युअर बूट बंद करावं लागत नाही. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर दोन्ही सिस्टिम असलेल्या पुष्कळ मशीनवर "शिम एसबॅट डेटा"बद्दल तक्रार करून लिनक्स थांबलं. तिथे सिक्युअर बूट थोडा वेळ बंद करून, लिनक्समध्ये जाऊन एसबॅटचं (जुन्या, असुरक्षित बूट फाइल अडवणाऱ्या यादीचं) धोरण पुसून, अपडेट घेऊन परत चालू करायचं होतं. एनव्हीडियाचे ड्रायव्हर किंवा व्हर्च्युअलबॉक्स टाकताना निळ्या पडद्यावर "एनरोल एमओके" (तुमच्या मशीनची स्वतःची सही नोंदवू का?) विचारलं तर ते गंभीरपणे घ्या. घाईत "कंटिन्यू" दाबलं की ड्रायव्हर लोड होत नाही.

आता नवीन गोष्ट. २०११ साली दिलेल्या सर्टिफिकेटांची मुदत जून २०२६पासून संपू लागते. जुनं मशीन त्या तारखेला बंद पडत नाही, पण पुढच्या काळातल्या सह्या ओळखायला २०२३ची सर्टिफिकेटं फर्मवेअरमध्ये यावी लागतात. ती विंडोज अपडेटमधून किंवा बायोस अपडेटमधून येतात. अपडेट अडवून ठेवू नका.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. घड्याळ दर वेळी साडेपाच तास चुकतं.

विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स ग्रिनिचची. फरक बरोबर ५ तास ३० मिनिटं. लिनक्सला "टाइमडेटसीटीएल"ने स्थानिक वेळ वापरायला सांगा, एवढंच.

लाईट गेली की बायोसची सगळी सेटिंग उडतात. मदरबोर्ड गेला का?

डेस्कटॉप असेल तर आधी सेल बदला. सीआर२०३२, ३ व्होल्टचा नाण्यासारखा. जेल रोडवर कुठेही मिळतो. तो संपला की तारीख मागे जाते, ब्राउझर प्रत्येक साइट "असुरक्षित" म्हणतो आणि डिस्कचा मोड मूळ जागी परततो. त्यामुळे काल चालणारं विंडोज आज सुरू होत नाही. पावसाळ्यात लाईट येत-जात असताना ही तक्रार वाढते.

"इन्स्टॉल" निवडलं की पडदा काळा होतो.

लिनक्स असेल तर बूट मेनूतला "सेफ ग्राफिक्स" पर्याय घ्या. तो नसेल तर ई दाबून कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ओळीत "नोमोडसेट" हा शब्द इंग्रजीत जोडा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसेपर्यंतच त्याची गरज आहे, नंतर काढा.

तरीही अडकत असेल तर एसीपीआयकडे वळा. वीज, पंखा, बॅटरी यांची माहिती फर्मवेअर काही तक्त्यांतून सिस्टिमला देतं. त्यात "समोर कुठलं विंडोज आहे?" असा प्रश्नही असतो आणि उत्तरानुसार मशीन वेगळं वागतं. म्हणून लिनक्स स्वतःला विंडोज म्हणवून घेतं. एसीपीआय पूर्ण बंद करायचा सल्ला सर्रास मिळतो. तो निदानापुरता ठीक. कायमचा ठेवला तर बॅटरीची टक्केवारी, स्लीप आणि बरेच प्रोसेसर कोअरही जातात. आधी बायोस अपडेट आहे का पाहा.

भंवरकुआंला कोचिंग करणाऱ्या मुलासाठी रिफर्बिश्ड लॅपटॉप घ्यायचाय. काय तपासू?

पैसे देण्याआधी दुकानातच बायोस उघडायला लावा. पासवर्ड मागितला तर तो लॅपटॉप घेऊ नका. कंपन्यांच्या जुन्या मशीनवर सुपरवायझर पासवर्ड राहिलेला असतो आणि थिंकपॅडसारख्यांत तो सेल काढून जात नाही.

विंडोज ११ अधिकृतपणे हवं असेल तर इंटेलची ८वी पिढी किंवा लॅपटॉपमध्ये रायझन ३००० मालिका, त्यापुढचं घ्या. टीपीएम २.० हवा. बऱ्याच मशीनमध्ये तो असतो पण बंद असतो: इंटेलमध्ये "पीटीटी", एएमडीमध्ये "एफटीपीएम" या नावाने शोधा. २०१४च्या आधीच्या बोर्डावर एनव्हीएमई एसएसडी बसवलीत तर ती विंडोजला दिसेल, पण फर्मवेअरला तिच्यावरून बूट करता येत नाही. तिथे साधी साटा एसएसडीच घ्या. आणि इंटेलच्या बे ट्रेल चिपवरचे स्वस्त टॅबलेट-लॅपटॉप: प्रोसेसर ६४ बिट, फर्मवेअर ३२ बिट. नेहमीचा लिनक्स पेनड्राइव्ह त्यांवर बऱ्याचदा सुरूच होत नाही.

दुकानातल्या जुन्या हिशेबाच्या प्रोग्रॅमसाठी नव्या मशीनवर विंडोज ७ चालेल?

नाही. २०१५च्या ६व्या पिढीपासून इन्स्टॉलरमध्ये यूएसबी कीबोर्ड-माउस मरतात आणि लेगसी सीएसएम (यूईएफआयमधली जुन्या बायोसची सोय) नसलेल्या मशीनवर तो "स्टार्टिंग विंडोज"वर गोठतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा.

इन्स्टॉलेशन दर वेळी वेगळ्या टक्क्यावर फेल होतं.

वेगळ्या टक्क्यावर म्हणजे रॅमचा संशय. बायोसमध्ये एक्सएमपी बंद करून पाहा. रॅमचा वाढवलेला वेग बोर्डाला झेपत नसेल तर फाइल उलगडताना बिट चुकतात. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. २०२२च्या ६व्या आवृत्तीपासून ते यूईएफआयमध्येही चालतं. डेस्कटॉपमध्ये इंटेलची १३वी किंवा १४वी पिढी असेल तर बायोस अपडेट तातडीने घ्या. जास्त व्होल्टेजमुळे त्या चिप झिजत होत्या आणि त्यावरचा ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला दुरुस्तीचा कोड) ऑगस्ट २०२४मध्ये आला. आधीच झिजलेली चिप त्याने सुधारत नाही. ती वॉरंटीत बदलून घ्या, इंटेलने मुदत दोन वर्षांनी वाढवली आहे.

सिस्टिम टाकताना मशीन कायमचं बंद पडू शकतं का?

क्वचित, पण झालं आहे. २०१३मध्ये काही सॅमसंग लॅपटॉप यूईएफआयमध्ये लिनक्स सुरू करताच निकामी झाले. २०१६मध्ये दिसलं की लिनक्समधून सगळ्या फाइल पुसल्या तर फर्मवेअरच्या नोंदीही पुसल्या जातात आणि काही मशीन त्यानंतर उठत नाहीत. कर्नलने मग त्या नोंदींना संरक्षण दिलं. डिसेंबर २०१७मध्ये उबुंटू १७.१० मागे घ्यावं लागलं, कारण एका ड्रायव्हरमुळे लेनोव्होच्या बऱ्याच लॅपटॉपांत बायोसचे बदल सेव्ह होईनासे झाले. जानेवारी २०१८मध्ये दुरुस्त आवृत्ती आली. तात्पर्य इतकंच की आजची ताजी आवृत्ती वापरा. कपाटातली जुनी डीव्हीडी नको.

बायोस अपडेट करू का?

वरच्यापैकी एखादी अडचण असेल तर हो. फाइल कंपनीच्याच साइटवरून, मॉडेल अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. लॅपटॉप चार्जरवर आणि बॅटरी भरलेली, डेस्कटॉप यूपीएसवर. मध्येच लाईट गेली तर चिप अर्धवट लिहिलेली राहते. आभाळ गडगडत असेल त्या संध्याकाळी हे काम काढू नका. लिनक्सवाल्यांना अनेक ब्रँडचे अपडेट "एफडब्ल्यूयूपीडी"मधूनच मिळतात.

अपडेटनंतर सेटिंग मूळ जागी जातात, हे लक्षात असू द्या. म्हणून आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा.

दुरुस्तीला नेताना सोबत काय न्यावं?

ते फोटो, एरर मेसेजचा फोटो, मशीनच्या खालच्या लेबलवरचं पूर्ण मॉडेल, बिटलॉकरची की आणि शेवटी नेमकं काय बदललं ते. "बायोस उड़ गया" एवढं ऐकून नवा मदरबोर्ड कबूल करू नका. व्हीएमडी, सिक्युअर बूट आणि बूट मोड काय आहेत, हे दुकानदाराला समोर उघडून दाखवायला सांगा.